गुळाचा खडा

आमच्या आणि अमीनचाचांच्या घरात एकच भिंत होती, हातभर जाडीची, पांढऱ्या मातीची. भिंतीच्या पलीकडे चाचांचं शिलाई मशीन चालायचं आणि अलीकडे आईच्या भाकरी थापल्या जायच्या. हे दोन आवाज माझ्या कानात इतके एकत्र बसले होते की लहानपणी मला वाटायचं, मशीन थांबलं तर भाकरीही मिळायची नाही. चाचा गावाचे शिंपी. त्यांचं मशीन दुपारी तासभर थांबायचं आणि ते थांबलं की ओसरीवर झोपलेले आमचे आण्णा दचकून जागे व्हायचे. लोक आवाजानं जागे होतात, आमचे आण्णा आवाज गेल्यानं. चुलीच्या वरच्या अंगाला भिंतीत आरपार एक झरोका होता, थाळी तिरकी केली तर जाईल एवढा. त्यातून आमच्याकडची शेंगोळी पलीकडे जायची, हुलग्याची, लसणाचा वास मारणारी. ईदला पलीकडून शिरखुर्मा यायचा आणि त्यातले खारकेचे तुकडे मी बोटानं शोधून आधी खायची. आई ओरडायची, पण माझी पाठ वळली की तीही तेच करायची.

नजमा ही चाचांची मुलगी. माझ्याच वयाची, माझ्याच वर्गातली. सातवीपर्यंत आम्ही गावच्या शाळेत एका बस्करावर बसलो आणि पुढं दहावीपर्यंत खर्ड्याच्या हायस्कुलात रोज चालत गेलो. जाताना किल्ल्याची तटबंदी समोर दिसायची. त्या किल्ल्याचं आम्हाला काही कौतुक नव्हतं. तिथं शेळ्या चरायच्या आणि बुरुजाच्या सावलीत आम्ही डबा खायचो. ती माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी संपवायची आणि मी तिच्यातलं आमलेट. घरी मी ‘आज भेंडी होती’ असं सांगायची. मी तापट होते, कुणाशीही भांडायची. नजमा शांत होती, पण तिच्या शांतपणाला लोक बिचकायचे. वर्गात कविता म्हणायला ती उभी राहिली की मागच्या बाकावरची टारगट मुलंसुद्धा गप्प बसायची.

आता ‘ण’ची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच अडलं आहे. आमच्या घरात कुणालाच ण म्हणता येत नव्हता. आम्ही ‘पानी’ प्यायचो, ‘लोनी’ खायचो, कुणी आलं तर ‘कोन हाय?’ विचारायचो. ‘आण्णा’ असं मी इथं लिहिते, पण हाक मारायचो ती ‘आन्ना’ अशीच. सगळ्या गावाचं तेच. आणि ज्या घरात आपापसात दखनी बोलत, त्या घरातल्या नजमाचा ण मात्र एकदम खणखणीत. मला पुष्कळ वर्षांनी त्याचं कारण उमगलं. आम्ही मराठी घरून घेऊन शाळेत गेलो होतो, तिनं ती शाळेतच पुस्तकातून घेतली होती. त्यामुळे जसं छापलं होतं तसं ती बोलायची. गावच्या शाळेतले गुरुजी माझ्या डोक्यात टपली मारून म्हणायचे, “सुमन, तिच्याकडं बघ. मराठी कुणाची भाषा आहे?” तेव्हा सगळे हसायचे, तीही हसायची आणि मीही. त्या प्रश्नात हसण्यासारखंच काहीतरी आहे असं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं.

गावच्या यात्रेत दरवर्षी नाटक व्हायचं. पुरुष आपले आपण मिशा लावून उभे राहायचे आणि बाईच्या कामाला बाहेरून नटी यायची. ती आली की गावातल्या बायका महिनाभर तिच्याबद्दल बोलायच्या. त्या वर्षी गुरुजींनी स्वतःच नाटक लिहिलं, खर्ड्याच्या लढाईच्या दिवसांवरचं. लढाई खरी, पण त्यातली माणसं त्यांच्या मनातली. गढीवरची एक बाई, राणूबाई. तिचा नवरा रणातून पळून घरी येतो आणि ती त्याला दारातच अडवते. गुरुजींनी देवळात सगळ्यांसमोर सांगितलं, “राणूबाईचं काम गावातलीच मुलगी करील. नटी आणायची नाही. रविवारी शाळेत निवड.” गावात कुजबुज झाली, पण गुरुजींनी गावातल्या निम्म्या बापांना शिकवलेलं होतं, तेव्हा उघड कुणी नाही म्हणालं नाही. आमच्या आण्णांनीही मान हलवली. निवडीला म्हणून गुरुजींनी वहीच्या कागदावर एक भाषण लिहून दिलं. ते मला आजही पाठ आहे. “रण सोडून आलात. प्राण राखून आलात, आण विसरून आलात. या घरात तुम्हाला पाणी मिळणार नाही. कोण तुम्ही? मी ओळखत नाही!”

मी ते घरी वाचून दाखवलं तेव्हा आण्णा हसून हसून खोकायला लागले. माझ्या तोंडून ते ‘रन सोडून आलात, प्रान राखून आलात’ असं येत होतं. आई सुपात ज्वारी निवडत बसली होती. ती म्हणाली, “निवड म्हंजी काय गं? ज्वारी हायेत का काय तुमी?”

“म्हंजे चांगली कोन ती बगायची,” मी म्हणाले.

“चांगलं कुनी बगत न्हाई,” सूप पाखडत आई म्हणाली. “निवडताना मानूस खडाच बगतंय. बगा आता, कोनाचा खडा करत्यात.” तिनं एक खडा चिमटीत धरून अंगणात फेकला. मला तिचा राग आला. माझ्या आईला शुभ बोलायची सवयच नव्हती.

मला ते काम हवं होतं. हे सरळ सांगून टाकते, कारण या वयात लपवून काय करायचं? दहावी होऊन मी घरी बसले होते, पुढं शिकवायचं नाही हे ठरलं होतं, दोन स्थळं बघून गेली होती. माझ्या पुढ्यात दुसरं काही नव्हतं. एकदा, फक्त एकदा, सगळ्या गावानं गप्प बसून माझ्याकडं बघावं असं मला वाटत होतं. हे मी नजमाला सांगितलं. तिला म्हणाले, “तू तर करशीलच गं. तुला येतंय.” ती म्हणाली, “मग तुलाही येऊ दे. मग बघू.” आणि तिनं मला ण शिकवायला घेतलं.

आम्ही आमच्या माळवदावर बसायचो, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. ती घरून गूळ घेऊन यायची. गुळाचा खडा टाळूला आत, वरच्या बाजूला चिकटवायचा आणि जिभेचं टोक उलटं वळवून तो चाटायचा. चाटता चाटता आवाज काढायचा. “तो खडा खाली पडला तर न, राहिला तर ण,” नजमा सांगायची. पहिले तीन दिवस माझे सगळे खडे पडले. मी ते खाऊन टाकायची आणि नवा मागायची. ती म्हणायची, “तू शिकायला येतेस का गूळ खायला?” चौथ्या दिवशी एकदम जीभ वळली. ‘पाणी’ म्हणाले. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मी पुन्हा म्हणाले, पाणी, लोणी, राणूबाई. मग खाली अंगणात आण्णा दिसले तसं ओरडले, “आण्णा!” ते वर बघून म्हणाले, “कोन हाक मारतंय?” आम्ही हसत हसत माळवदावर लोळलो. मी आयुष्यात एवढी पुन्हा हसले असेन असं वाटत नाही. तिथंच आमचं ठरलं, जिची निवड होईल तिची दासी दुसरीनं व्हायचं. दासीला नाटकात दोनच वाक्यं होती.

पण त्या चैत्रात गाव बदललं होतं. वरून बघायला सगळं तेच होतं. तोच वारा, तीच धूळ, तशाच आडावर रांगा. पण माणसं बोलता बोलता थांबायला लागली होती. पारावर चार जण बसलेले असत, चाचा समोरून आले की ते चौघे एकदम बाभळीकडं बघायला लागत. सरपंचांचा पुतण्या विलास नगरहून शिकून परत आला होता. चांगला दिसायचा, सगळ्यांना नमस्कार करायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा. त्याच्या भोवती पोरं जमायला लागली. यात्रेची सगळी कामं त्यानं हातात घेतली आणि कामं चांगली केली, हेही खरं. त्याच्या तोंडात ‘आपल्या’ हा शब्द फार असायचा. आपली यात्रा, आपला देव, आपली माणसं. ऐकायला गोड वाटायचं. दोन-तीन आठवड्यांनी माझ्या ध्यानात आलं की हा शब्द उच्चारताना तो नेहमी आजूबाजूला कोण बसलंय ते बघतो.

नाटकाचे कपडे दरवर्षी अमीनचाचा शिवायचे. अंगरखे, चोळणे, मावळ्यांच्या बंड्या. यात्रेआधी महिनाभर त्यांचं मशीन खडखडत राहायचं आणि त्यांच्या ओट्यावर अर्धवट शिवलेले सरदार टांगलेले असायचे. त्या वर्षी कपडे बार्शीहून भाड्यानं आणायचं ठरलं. चाचांना कुणी सांगितलंही नाही. ते कापडाची वाट बघत राहिले. मग एक दिवस दुपारी मशीन थांबलं आणि तासाभरानंही सुरू झालं नाही. आण्णा ओसरीवर उठून बसले आणि भिंतीकडं बघत राहिले. “काय झालं?” मी विचारलं. “काय न्हाई,” ते म्हणाले. त्या रात्री जेवताना आई माझ्याकडं न बघता म्हणाली, “त्या पोरीसंगं सारखं माळवदावर बसू नको. लोक बगत्यात.” मी ताटावरून उठले. मी आण्णांकडं बघितलं, की ते तरी काही बोलतील. ते कढी ओरपत होते, नेहमीपेक्षा जास्त आवाज करून.

निवडीच्या आदल्या दिवशी मी चुलीपाशी गेले तर झरोक्यात पोतं कोंबलेलं होतं. जुनं, घडी घालून घट्ट बसवलेलं. मी विचारलं तर आई म्हणाली, “उंदरं येत्यात तिकडनं.” आमच्या घरी उंदीर कोठाराच्या बाजूनं येत, जन्मभर येत होते, तिलाही ठाऊक होतं. मला ते पोतं काढून फेकायचं होतं. हात वरही केला होता. पण दुसऱ्या दिवशी निवड होती आणि मला आण्णांची परवानगी टिकवायची होती. मी हात खाली घेतला. आज मागं वळून बघते तेव्हा वाटतं, माझी निवड रविवारी शाळेत झाली नाही, ती शनिवारी चुलीपाशीच झाली होती.

रविवारी सकाळी मी नजमाला बोलवायला गेले तेव्हा चाचा दारात उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. सदऱ्याच्या खिशात त्यांनी उगीचच टेप ठेवला होता, सवयीनं. मला म्हणाले, “सुमे, मी नाही येत. माझं येनं बरं नाही आज. तू आहेस ना तिच्यासंगं?”

“आहे की चाचा,” मी म्हणाले.

“बस. मग फिकीर नाही.” त्यांनी नजमाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला म्हणाले, “तीन पिढ्या ह्या गावाच्या अंगावर आपला टाका आहे. न घाबरता उभी राहा.” तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि आम्ही निघालो. वाटेत ती भाषण पुटपुटत होती. पारावरची पोरं आम्ही जवळ आलो तशी गप्प झाली आणि आम्ही पुढं गेल्यावर कुणीतरी हसलं. नजमानं माझा हात धरला.

शाळेच्या वर्गात बाकं मागं सरकवली होती. पुढं टेबलाशी गुरुजी, त्यांच्या शेजारी विलास आणि गावातले दोन म्हातारे. एका अंगाला बायका बसल्या होत्या, दारात पोरं. आम्ही पाच जणी होतो. तिघींचं लवकर आटपलं. एक रडायला लागली, एकीला वाक्यंच आठवेनात, तिसरीनं सगळं एका दमात म्हणून टाकलं आणि पळाली. मग गुरुजींनी नजमाचं नाव घेतलं. नाव घेताना ते कागदाकडं बघत होते.

ती पुढं गेली. ओढणी तिनं पदरासारखी कमरेला खोचली आणि दाराकडं तोंड केलं, जणू नवरा खरंच त्या दारात उभा आहे. दारातली पोरं आपोआप बाजूला झाली. तिनं आवाज चढवला नाही. गुरुजींनी आम्हाला ओरडून म्हणायला सांगितलं होतं, ती हळू बोलली. “रण सोडून आलात.” बाहेर कुठंतरी मोर ओरडला, तेवढाच आवाज. ‘पाणी मिळणार नाही’ म्हणताना तिचा आवाज किंचित कापला, म्हणजे पाणी द्यायची इच्छा तिला आहे हे कळलं. आणि मग शेवटचं. “कोण तुम्ही?” ती थांबली. “मी ओळखत नाही.” बायकांमधल्या एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मला तेव्हाच कळलं की राणूबाई हीच आहे, दुसरी कुणी होऊ शकत नाही. मला आनंद झाला नाही. मला तिचा मत्सर वाटला.

विलास म्हणाला, “आवाज चांगला हाय. आवाजाला नाव ठेवायला जागा न्हाई.” आणि गुरुजींकडं वळून, हसतच, “पन गुरुजी, रानूबाई म्हंजी...” त्यानं वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजच नव्हती. दोन्ही म्हाताऱ्यांनी खाली बघितलं. विलास पुढं म्हणाला, “निजामाच्या बाजूची एखादी बाई न्हाई का नाटकात? तिला ते काम शोभून दिसंल.”

“नाही,” गुरुजी म्हणाले. “तशी बाई नाही.”

“मग लिवा की एक,” विलास म्हणाला आणि दारातली पोरं हसली. नजमा अजून मध्येच उभी होती, ओढणी खोचलेली. कुणी तिला बस म्हणालं नव्हतं. मग ती आपली आपण मागं आली आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. मला वाटलं आता आम्ही दोघी निघून घरी जाऊ. तेवढ्यात गुरुजींनी माझं नाव घेतलं.

मी पुढं गेले. काय सांगू, चांगलं झालं माझंही. रण, प्राण, आण, पाणी, सगळे ण टाळूवरून नीट उतरले. संपलं तेव्हा बायकांत हसू पसरलं, कौतुकाचं. गुरुजी खुर्चीतून अर्धे उठले. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “सुमन, सात वर्षं मी तुझ्यापुढं डोकं फोडलं. एक ण आला नाही तुला. हा कुठून आणलास? कुणी शिकवला?”

सगळे हसले. पण गुरुजी हसत नव्हते. ते माझ्याकडं टक लावून बघत होते आणि मला त्यांचा प्रश्न समजला. तो प्रश्न नव्हता, ते मागणं होतं. त्यांना ठाऊक होतं कुणी शिकवलं ते. त्यांना ते माझ्या तोंडून, विलाससमोर, गावासमोर हवं होतं. मी ‘नजमानं’ एवढं म्हणाले असते तर ते म्हणू शकले असते, बघा, तुमच्या राणूबाईची जीभसुद्धा हिनंच घडवलीय, मग खरी कोण? स्वतःहून हे म्हणायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. ते त्यांनी एका सतरा वर्षांच्या मुलीकडं मागितलं. त्यांचा मला पुढं कित्येक वर्षं राग होता. पण मुलगी तर मी होते, आणि तोंडही माझंच होतं.

मी मागं बघितलं. नजमा भिंतीशी उभी होती आणि हसत होती, शिकवलेलं पोर पास झाल्यावर मास्तर हसतात तसं. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. ते काय असणार याबद्दल तिच्या मनात काही शंकाच नव्हती. विलासही बघत होता, भुवई थोडी वर करून. माझ्या तोंडात गुळाची चव आली, खरंच आली.

“कुणी नाही गुरुजी,” मी म्हणाले. “घरीच शिकले. माझी मीच.”

गुरुजी खाली बसले. चष्मा लावला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. “ठीक आहे,” ते म्हणाले. “राणूबाई, सुमन.” विलासनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. मी मागं वळले तेव्हा भिंतीशी कुणी नव्हतं. मी धावत बाहेर आले. ती बरीच पुढं गेली होती, ओढणी अजून कमरेलाच खोचलेली होती. मी हाक मारली नाही. तेवढी लाज होती मला.

त्यानंतर आठ-दहा दिवस आमची गाठ पडली नाही. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहून गाठ न पडू देणं किती अवघड असतं ते करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. ती आडावर कधी येते ते मला ठाऊक होतं, मी त्या वेळी जायची नाही. ण घटवत बसायचंही मी सोडून दिलं. आई खूश होती. मंडळी येऊन तिला सांगून जायची, पोरीनं नाव काढलं. आण्णा मात्र ओसरीवर झोपायचे बंद झाले होते. म्हणाले, झोप लागत नाही, पलीकडं फार शांत आहे.

बार्शीहून कपडे आले. लुगडं छान होतं, हिरवं, जरीचं. चोळी मात्र कुठल्या तरी थोराड नटीच्या मापाची होती. ती माझ्या अंगावर लोंबायला लागली. आईनं बघितलं आणि म्हणाली, “ही न्हाई चालायची. चोळी अंगाबरुबर पायजे.” घरात चोळखण होता. तो तिनं माझ्या हातात दिला आणि आवाज खाली आणून म्हणाली, “जा पलीकडं. पन मागच्या दारानं जा.”

मी मागच्या दारानं गेले. चाचा मशीनपाशी नुसतेच बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि तेच मला सोसलं नाही. “आओ, रानूबाई!” ते म्हणाले. “निवड झाली तुझी, ऐकलं मी. नजमाला थोडं वाईट वाटलं, पन मी सांगितलं, आपली सुमीच आहे ना? घरातच आलं काम.” तिनं घरी काही सांगितलं नव्हतं. माझ्या ‘ण’बद्दल, माझ्या उत्तराबद्दल, काहीच नाही. बाईमाणसाचं माप चाचा घ्यायचे नाहीत, नजमा घ्यायची. त्यांनी आत हाक मारली आणि टेप तिच्या हाती दिला.

ती आली. मी उभी राहिले. तिनं माझ्या खांद्याला टेप लावला, मग दंडाला, मग गळ्याला. एकेक आकडा मोठ्यानं सांगत होती आणि चाचा पाठमोरे बसून वहीत लिहीत होते. तिची बोटं नेहमीसारखीच हलकी होती. माझ्या तोंडासमोर तिचं तोंड होतं, हातभर अंतरावर, आणि ती माझ्या कपाळाच्या वर कुठंतरी बघत होती. मला रडू फुटायला आलं. मी हळूच म्हणाले, “नजमे.”

तिनं टेप गुंडाळला. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. आणि हळू आवाजात, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, “कोण तुम्ही? मी ओळखत नाही.”

तो ण मी पुन्हा तसा कधी ऐकला नाही. चाचा वळून खूश होत म्हणाले, “वा बेटा! हिला तालीम देतेस होय? छान, छान!” आणि मशीनचं पायडल दाबलं. कितीतरी दिवसांनी ते मशीन चाललं, भिंतीपलीकडे आमचे आण्णा त्या आवाजानं त्या दुपारी गाढ झोपले.

यात्रेत नाटक झालं. चोळी अंगाला अगदी बरोबर बसली. सगळं गाव माझ्याकडं बघत गप्प बसलं होतं, मला हवं होतं तसंच. मी रण म्हणाले, प्राण म्हणाले, पाणी म्हणाले. मग शेवटचं वाक्य आलं, जीभ वळवायला गेले आणि ती वळली नाही. “कोन तुम्ही?” माझ्या तोंडून आलं. कुणाच्याही लक्षात आलं नाही, सगळं गाव कोनच म्हणतं. टाळ्या पडल्या. जिच्या लक्षात आलं असतं ती आली नव्हती. पावसाळ्याआधी चाचांनी घर विकलं आणि मशीन टेम्पोत घालून ते राहात्याकडं कुठंतरी नातेवाइकांपाशी गेले. त्या दिवशी मी माळवदावर होते, खाली उतरले नाही. आईनं झरोका मातीनं लिंपून घेतला.

आता मी नगरला मुलाकडं असते. शहराचं नाव बदललंय, माझ्या तोंडात अजून नगरच आहे. डॉक्टरांनी गूळ बंद केलाय, त्याचं काही वाटत नाही. माझी नात मराठी शाळेत जाते आणि माझ्या चुका काढायचा तिला नाद आहे. परवा म्हणाली, “आजी, तू पाणी नीट म्हणतेस, लोणी नीट म्हणतेस. मग दार वाजलं की ‘कोन?’ का म्हणतेस?”

“तेवढा एक मला येत नाही,” मी म्हणाले.

“सोपं आहे गं. मी शिकवू?”

मी तिला नको म्हणाले, जरा जास्तच जोरात. ती घाबरून बघत राहिली.